घरची सुपारी

पद्मिनी केळसकरांच्या मते लखनौ शहरात वाईट गोष्ट एकच होती. इथली माणसं थुंकतात. बाकीचं सगळं त्यांनी शहराला केव्हाच माफ करून टाकलं होतं: मे महिन्यातली लू, जानेवारीतलं धुकं, भाजीवाल्याचं ‘माताजी’ म्हणणं, आमटीत गूळ घातला की शेजाऱ्यांनी केलेली तोंडं. पण विकास नगरच्या बाजारातून येताना एखादी भिंत खालून हातभर लाल झालेली दिसली, की त्यांच्या कपाळावर आठी चढायची आणि घरी पोचेपर्यंत ती उतरायची नाही. पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता त्या राजारामरावांना ऐकवायच्या, "आपल्यात एक बरं आहे बाई, तंबाखू नाही."

राजारामराव बँकेतून निवृत्त झालेले. बदलीवर लखनौला आले, पुढची बदली टाळता टाळता इथेच घर बांधून बसले. बायकोच्या या वाक्याला ते वर्षानुवर्षं ‘हं’ म्हणत आले होते.

तंबाखू नव्हता हे खरंच होतं. सुपारी होती. पण सुपारीला पद्मिनीताई व्यसन म्हणायला तयारच नसत. ती घरची. श्रीवर्धनच्या अलीकडच्या एका गावात त्यांच्या माहेरची नारळ-पोफळीची वाडी आहे. लहानपणी अंगणात पाय ठेवायला जागा नसायची, इतकी सुपारी उन्हात पसरलेली असायची. ती वाळवायची, सोलायची, मोठी वेगळी, बारीक वेगळी करायची. त्यांची शाळा, भावाचं कॉलेज, त्यांचं स्वतःचं लग्न, सगळं त्या पोफळींनी निभावून नेलं. शिवाय गणपतीपुढे ठेवतात ती सुपारी, ओटीत घालतात ती सुपारी. देवाला चालते ती माणसाला बाधेल कशी, असा त्यांचा बिनतोड हिशोब होता.

भाऊ धनंजय दरवर्षी न चुकता उत्तम रोठा सुपारी लखनौला पाठवायचा. मग पद्मिनीताई अडकित्ता घेऊन बैठकीत बसायच्या. टीव्हीवर काहीही चालू असो, हात थांबायचा नाही, आणि सुपारी अशी पातळ कातरली जायची की कागद लाजेल. ती साजूक तुपावर मंद आचेवर परतायची, तिच्यात भाजलेली बडीशेप, धनाडाळ, सुक्या खोबऱ्याचा कीस, लवंग, वेलदोडा आणि ज्येष्ठमधाची पूड. डबा उघडला की वास शेजारच्या फाटकापर्यंत जायचा. जेवण झालं की चिमूटभर, चहानंतर चिमूटभर, अडकित्ता हातात असताना तर मोजायचं कोणी? राजारामरावांना कवळी होती, त्यामुळे ते या सुखाला मुकले होते आणि त्याबद्दल पद्मिनीताईंना त्यांची कीव यायची.

देवयानीचं मात्र तसं नव्हतं. ही त्यांची एकुलती एक मुलगी. चार वर्षांची असल्यापासून जेवण झालं की तिची इवलीशी मूठ पुढे यायची आणि आई तिच्यात चार कण ठेवायची. आता ती चाळिशीला टेकली होती. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वृंदावन योजनेत फ्लॅट घेऊन एकटी राहायची. एका खासगी कंपनीत माणसं नेमायचं काम करायची. मराठी सगळं कळायचं तिला, पण बोलायची हिंदी. लग्न, स्वयंपाक, सणवार, यातलं आईचं फारसं काही तिनं घेतलं नव्हतं. सुपारीचा डबा तेवढा दर महिन्याला भरून न्यायची, आणि तेवढ्यावर पद्मिनीताई खूश होत्या.

लखनौच्या मराठी मंडळात तर ही सुपारी प्रसिद्ध होती. मागच्या गणपतीत मंडळानं डॉ. सिद्धेश यांचं व्याख्यान ठेवलं होतं. हे गृहस्थ एका संशोधन संस्थेत वनस्पतींमधल्या रसायनांवर काम करत. हळद, टोमॅटो, पालेभाज्या, आवळा, कशातलं कोणतं रसायन शरीरातल्या पेशींना बिघडण्यापासून वाचवू शकेल, ते त्यांनी चित्रं दाखवून सांगितलं. प्रयोगशाळेतल्या बशीत दिसतं ते सगळं माणसात खरं ठरतंच असं नाही, असंही ते दोनदा म्हणाले. हे वाक्य कोणी ऐकलं नाही. लोकांनी हळद ऐकली. व्याख्यान संपलं, जेवणं झाली, पद्मिनीताईंचा डबा फिरला, आणि डॉक्टरांनी दोन चिमूट घेऊन "वा" म्हटलं. झाडापानातून येतं ते चांगलं, हे पद्मिनीताईंना ठाऊकच होतं. आता शास्त्राचाही शिक्का बसला.

तोंडात आग व्हायला लागली ती साधारण त्याच सुमाराला. आधी लिंबाचं लोणचं झोंबलं. मग आमटी झोंबायला लागली. पद्मिनीताईंनी मिरची बदलली, मग मसाल्याचं दुकान बदललं, मग लखनौच्या मिरचीलाच बोल लावला. शेवटी स्वतःपुरती आमटी फोडणीआधी काढून ठेवू लागल्या. वय झालं की जीभ हळवी होते, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला जे सांगतो त्यावर त्याचा चटकन विश्वास बसतो.

मग एका संध्याकाळी त्या सरोजभाभींबरोबर बाजारात गेल्या. सरोज मिश्रा म्हणजे शेजारच्या घरातल्या, निवृत्त शिक्षिका, आणि या शहरात पद्मिनीताईंना मिळालेली एकमेव जवळची मैत्रीण. बाजाराच्या तोंडाशी बताशेवाला उभा राहतो. आपली पाणीपुरी, तिकडे पाण्याचे बताशे. सरोजभाभींचा बताशा तोंडात गेलासुद्धा. पद्मिनीताईंनी आपला उचलला, तोंडाशी नेला आणि तो ओठांवर अडला. त्यांनी तोंड आणखी उघडायला पाहिलं. उघडेना. जोर केला तर कानापाशी ताण बसला. बताशा फुटून पाणी हनुवटीवरून थेट साडीवर आलं.

"आज बताशे बहुत बड़े बनाए हैं, भैया," त्या म्हणाल्या.

"वही साइज़ है आंटी, रोज़ वाला," तो म्हणाला.

पद्मिनीताई हसल्या. पण दुसरा बताशा त्यांनी घेतला नाही.

घरी येऊन त्यांनी न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि आरशासमोर तोंड उघडलं. जितकं उघडलं ते बघून त्यांना वाटलं आपण नीट उघडतच नाही आहोत. पुन्हा उघडलं. तेवढंच. गालाच्या आतला भाग सायीसारखा फिकट झाला होता. बोट घालून चाचपलं तर आत, वरून खाली, ओढून बांधलेल्या नाडीसारखं काहीतरी ताठ लागलं. दुसऱ्या गालातही तसंच. त्यांनी दिवा मालवला आणि अंधारातच हात धुतले.

त्यांना जे आठवलं ते आठवू नये म्हणून त्यांनी खूप धडपड केली. सरोजभाभींचे यजमान, मिश्राजी. दिवसभर गुटखा. त्यांचंही तोंड आधी उघडायचं बंद झालं होतं. मग गालात जखम, मग शस्त्रक्रिया, अर्धा जबडा गेलेला चेहरा, नाकातली नळी. पद्मिनीताई रोज तांदळाची पेज गाळून घेऊन जायच्या आणि खोलीतल्या वासानं मळमळू नये म्हणून पदराआड लवंग चघळायच्या. शेवटी शेवटी मिश्राजी पाटीवर लिहून बोलायचे. एक दिवस त्यांनी पाटीवर फक्त ‘पानी’ लिहिलं होतं, आणि पाणी देता येत नव्हतं.

तेव्हा पद्मिनीताईंनी मनातल्या मनात म्हटलं होतं, खाल्लं तसं भोगतायत. मिश्राजींनी निदान खाल्लं तरी होतं. मी काय खाल्लं? दारू नाही, तंबाखू नाही, मांसमच्छीसुद्धा वर्षातून चार वेळा. मग माझ्याच वाट्याला का? जिला कारण नाही अशी भीती फार वाईट. तिच्याशी भांडता येत नाही.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. राजारामरावांना नाही, देवयानीला तर नाहीच. सांगितलं की ते खरं होणार, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. घास लहान झाले. पोळीचे तुकडे दुधात भिजायला लागले. मंडळातल्या बायका हसल्या की त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या. राजारामरावांना वाटलं बायको अलीकडे शालीन झाली आहे.

आणि उपाय सुरू झाले. मोबाइलवर कर्करोग रोखणाऱ्या वनस्पतींची माहिती हवी तेवढी येते. सकाळी हळद-मिऱ्याचं पाणी, मग तुळशीचा काढा, दुपारी आवळ्याचा रस, संध्याकाळी टोमॅटोचं सार. आवळा आणि सार तोंडात गेलं की डोळ्यांतून पाणी यायचं, तरी त्या डोळे मिटून गिळायच्या. ज्या अर्थी झोंबतंय त्या अर्थी आतला रोग मरतोय, हेही त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. काढ्यानं तोंड कडू व्हायचं. कडू तोंडावर मग चिमूटभर सुपारी. मनात भीती दाटून आली की जीव शांत व्हायला आणखी चिमूटभर. त्या दिवसांत सुपारीचा डबा एरवीच्या दुप्पट वेगानं रिकामा होत होता, आणि त्यातलं काहीही बाईंच्या ध्यानात येत नव्हतं. सगळ्या झाडांवर पहारा बसवला होता, एक पोफळ सोडून.

अखेर धीर करून त्या कॉलनीतल्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांपुढे गर्दी होती.

"तंबाकू, गुटखा?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"छे! हमारे यहाँ नहीं चलता," पद्मिनीताई म्हणाल्या, आणि क्षणभर त्यांचा जुना तोरा परत आला.

मग काही नाही, जीवनसत्त्वं कमी पडतायत, असं सांगून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. पद्मिनीताई इतक्या हलक्या झाल्या की वाटेत त्यांनी फुलं घेतली. गोळ्यांनी आग तसूभर कमी झाली नाही.

धनंजयचा फोन आला तो नव्या सुपारीबद्दल. "ताई, यंदा माल झकास आहे. कधी पाठवू?"

त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "धनू, आपल्याकडे कोणाला तोंडाचं काही झालं होतं का रे?"

"तोंडाचं? म्हणजे?"

"म्हणजे असंच. आग वगैरे."

"आपले अण्णा नव्वदीपर्यंत सुपारी खात होते, तुला माहितीये ना? खडखडीत होते. हा, बेबीआत्या शेवटी काही खाऊ शकत नव्हती. दातखीळ बसली होती म्हणायचे. पण तिचं वेगळंच." मग त्याचा आवाज थोडा बदलला. "का गं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. पाठव तू," त्या म्हणाल्या.

त्यांनी फोन ठेवला. बेबीआत्या. वाडीत सुपारी सोलायला बसली की तिचं तोंड सतत चालू असायचं. आत्याला घास भरवताना ती ओठ आवळून घेते म्हणून लहानपणी पद्मिनीताई तिच्यावर चिडल्या होत्या. ती आवळत नव्हती, तिचं तोंड उघडत नव्हतं, हे आज इतक्या वर्षांनी कळलं. तरीही सुपारीपर्यंत विचार पोचला नाही. किंवा पोचला आणि उंबऱ्यावरून मागे फिरला, कोण सांगणार? स्वतःच्या माहेरावर संशय घ्यायला मन सहजी तयार होत नाही.

गाठलं ते सरोजभाभींनी. त्या मेथीचे पराठे घेऊन आल्या होत्या. पद्मिनीताई पराठ्याचा नखाएवढा तुकडा करून ओठांमधून आत सरकवत होत्या. सरोजभाभींनी पुढचे दोन घास नुसते पाहिले. मग उठल्या आणि समोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाभी, मुँह खोलिए."

"अरे, कुछ नहीं है."

"खोलिए."

पद्मिनीताईंनी उघडलं. सरोजभाभींचा चेहरा पांढरा पडला. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी पद्मिनीताईंचा हात धरला. इतके दिवस दाबून धरलेलं रडणं तेव्हा बाहेर आलं. आतून राजारामराव धावत आले. बायको रडताना त्यांनी तिच्या वडिलांच्या बाराव्यानंतर पाहिली नव्हती. काय झालं हे सरोजभाभींनी सांगितलं, आणि ते ऐकून म्हातारा कोचाचा हात धरून सावकाश खाली बसला.

"मला का नाही सांगितलंस?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिघं शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गेले. दातांच्या विभागाबाहेरच्या बाकावर गाल सुजलेली, तोंडाला रुमाल बांधलेली माणसं बसली होती. पद्मिनीताईंनी कोणाकडे पाहिलं नाही. राजारामराव हातातलं वर्तमानपत्र घडी करत होते, उलगडत होते, पुन्हा घडी करत होते.

डॉक्टर अनुप श्रीवास्तव तरुण होते, आवाज शांत होता. त्यांनी दिवा लावून आत पाहिलं, हातमोजा घालून गाल चाचपले, दातांमध्ये पट्टी धरून अंतर मोजलं.

"माताजी, तंबाकू?"

"कभी नहीं."

"सुपारी?"

पद्मिनीताई किंचित हसल्या. "वो तो घर की है. हम खुद बनाते हैं. एकदम साफ़."

डॉक्टरांनी पट्टी खाली ठेवली. "कब से?"

कधीपासून? हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. कधीपासून भात खाता, असं कोणी विचारतं का? "बचपन से," त्या म्हणाल्या.

मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते त्यांनी ऐकलं, पण बराच वेळ ते आपल्याबद्दल आहे हे मनाला पटेना. सुपारीतच, झाडानं तयार केलेलीच अशी रसायनं असतात की त्यांनी गालाच्या आतलं मऊ कातडं हळूहळू ताठ होत जातं. तंबाखू लागत नाही. चुना लागत नाही. घरची असो की बाजारची, तुपात परतलेली असो की कच्ची. वर्षानुवर्षं खाल्ली की आग होते, मग पट्टे धरतात, मग तोंड मिटत जातं. सगळ्यांचंच होतं असं नाही, म्हणून कोणी नव्वदीपर्यंत खाऊनही ठणठणीत राहतो आणि लोकांना वाटतं काही होत नाही. आणि अशा ताठ झालेल्या तोंडात कर्करोगाची भीती इतरांपेक्षा कितीतरी जास्त. उजव्या गालात मागच्या बाजूला एक चट्टा आहे, तो त्यांना आवडलेला नाही. तुकडा काढून तपासायला लागेल.

"पण सुपारी तर झाडाची असते," पद्मिनीताई मराठीतच म्हणाल्या. डॉक्टरांना ते कळलं की नाही कोण जाणे.

"तंबाकू भी पौधा ही है, माताजी," ते म्हणाले.

तुकडा काढला. अहवालाला आठवडा लागणार होता. तो आठवडा कसा गेला ते पद्मिनीताईंनाच ठाऊक. टाक्याची जागा ठणकायची आणि दर ठणक्याबरोबर मिश्राजींची पाटी डोळ्यांपुढे यायची. सुपारीचा डबा त्यांनी कचऱ्यात रिकामा केला. तरी जेवण झालं की हात आपोआप डब्याच्या जागेकडे जायचा, आणि तिथे तो अधांतरी थांबला की त्यांना स्वतःच्याच हाताची भीती वाटायची. राग यायचा तो कोणावर काढायचा? पोफळींवर? त्या तर समुद्राच्या वाऱ्यावर तशाच डुलत असतील. एका दुपारी राजारामराव त्यांच्यासाठी वरणभात मिक्सरमध्ये फिरवत होते. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. "मला नळी नका हो लावू देऊ," त्या म्हणाल्या. राजारामरावांनी मिक्सर बंद केला.

देवयानीला कळवायचं नाही, हे दोघांनी ठरवलं होतं. तिच्या ऑफिसात धामधूम चालू होती. चांगलं असलं तर सांगू, वाईट असलं तर सांगावंच लागेल.

अहवाल चांगला आला. कर्करोग नव्हता. डॉक्टर अनुपनी कागद दोनदा वाचून तसं सांगितलं तेव्हा राजारामरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि डोळे पुसले. पुढचं डॉक्टरांनी हळूहळू सांगितलं. आज नाही, म्हणजे कधीच नाही असं नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायचं, जन्मभर. गेलेलं सगळं परत येणार नाही. तोंडाचे व्यायाम करायचे. सोबत एक गोळी लिहून दिली. तिच्यात टोमॅटोला लाल रंग देणारं द्रव्य असतं, कोणाकोणाला थोडा फायदा होतो. आणि सुपारीचा एक कणही नाही.

पद्मिनीताई सगळ्याला मान हलवत होत्या. मरण दारातून परत गेलं होतं, पुढचं पुढे. कागद गोळा करताना डॉक्टरांनी विचारलं, "घर में और कोई खाता है?"

"नहीं," त्या म्हणाल्या. "हम दो ही हैं. इनके तो दाँत ही नहीं."

रिक्षात बसल्यावर त्यांनी आधी सरोजभाभींना कळवलं, मग देवयानीला फोन लावला. दुपारची सुट्टी होती. त्या दिवशी ती घरूनच काम करत होती. पद्मिनीताईंनी सगळं एका दमात सांगून टाकलं: आग, तुकडा, आठवडा, अहवाल. पलीकडे मुलगी आधी भडकली, मग रडली, मग हसली.

"आई, तुम भी ना. मुझे क्यों नहीं बताया? डर के मारे मेरी तो जान निकल गई." बोलता बोलता ती काहीतरी चघळत होती. शब्द थोडे जड येत होते.

"काय खातेयस?"

"क्या खाऊँगी, अभी लंच हुआ. तुम्हारी सुपारी."

रिक्षा सिग्नलला उभी होती. आजूबाजूला भोंगे वाजत होते. राजारामरावांनी पाहिलं, बायकोच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं होतं. "थूक," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "देवू, आत्ता थूक. तोंड धू. मी येतेय."

रिक्षावाल्याला त्यांनी विकास नगरऐवजी वृंदावन योजना सांगितलं. तो कुरकुरला, राजारामरावांनी त्याची समजूत घातली. आठवडाभर पद्मिनीताई स्वतःच्या मरणाला घाबरल्या होत्या. ती भीती आता किती लहान वाटत होती. चार वर्षांची पोर, पुढे केलेली मूठ, आणि त्या मुठीत सुपारी ठेवणारा हात कोणाचा, हे काही शोधायला जावं लागणार नव्हतं. महिन्या-महिन्याला डबा कोणी भरला? त्यांना एकदम आठवलं की दिवाळीत देवयानीनं ठेचा पानात घेतलाच नव्हता. ॲसिडिटी होते म्हणाली होती. आणि आपण तिला आवळ्याचा रस दिला होता.

देवयानीनं दार उघडलं ते हसतच, आणि आईला मिठी मारायला हात पसरले. पद्मिनीताईंनी तिला धरून खिडकीपाशी उजेडात नेलं.

"अगं आई, क्या कर रही हो? पानी तो पियो पहले."

"तोंड उघड."

"मुझे कुछ नहीं है, यार."

"उघड म्हणते ना."

देवयानीनं डोळे फिरवले, वडिलांकडे बघून खांदे उडवले आणि तोंड उघडलं. पद्मिनीताई वाकून पाहत राहिल्या. त्यांनी वाट पाहिली. राजारामरावही जवळ आले.

"अजून उघड," पद्मिनीताई म्हणाल्या. "पूर्ण उघड ना बाळा."

"पूरा ही तो खुला है, आई," देवयानी म्हणाली.

पद्मिनीताईंनी तिची हनुवटी सोडली. स्वतःच्या वेळी त्यांनी महिनोन्‌महिने न्हाणीघराचं दार लावून काढले होते. आता त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सारला आणि दाराशी जाऊन मुलीच्या चपला तिच्यापुढे आणून ठेवल्या.

"घाल," त्या म्हणाल्या. "डॉक्टर चारपर्यंत असतात."